टेस्ट एन्ट्रीतली नीलव्वा

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. घाटात लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई, चिंचेखालून ऐकू येणारी हाक, आरशातली आत्या... डबा खाताना वाचायचं, मैत्रिणींच्या ग्रुपवर ढकलायचं आणि कामाला लागायचं. आमच्या घरी कुणी "मला आज कसंतरीच वाटलं, अंगावर काटा आला" म्हणालं की मी पहिल्यांदा थर्मामीटर शोधते. भुताखेतावर बोलणाऱ्या माणसाशी वाद घालायला मला फार आवडतं, आणि मी तो जिंकतेही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहिते. कारण वर्ष होत आलं तरी ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि आता घरातले सगळे ऐकून ऐकून कंटाळलेत.

मी साताऱ्यात राहते. दुकानं, क्लासेस, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट करून देते. ऑफिस म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावरची खोली, एक लॅपटॉप आणि एक कुरकुरणारा पंखा. खाली सासरे असतात. आण्णा म्हणतात त्यांना सगळे. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, पण आवाज अजून परेड ग्राउंडवरचाच आहे. नवरा एमआयडीसीत. आणि नणंद, मंजूताई, सांगलीत दिलेल्या. त्या तिथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात.

तर या मंजूताईंनी मला एक काम सांगितलं. गावोगावच्या बायकांसाठी एक ऑनलाइन प्रश्नावली करायची. वीसेक साधी वाक्यं. 'मला कारण नसताना रडू येतं.' 'मला गाढ झोप लागते.' 'मला जेवण गोड लागतं.' 'मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही असं वाटतं.' प्रत्येक वाक्यापुढे चार गोल... कधीच नाही, कधीतरी, बऱ्याचदा, रोज. त्याला शून्य ते तीन गुण. शेवटी बेरीज, आणि बेरजेप्रमाणे हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा. बस्स. बेरीज करणारी स्क्रिप्ट म्हणजे पन्नास-साठ ओळींचा मामला. आठवीतलं पोर करेल असलं काम. ताईंच्या विद्यार्थिनी आपापल्या गावी जाऊन फोनवरून बायकांकडून भरून घेणार होत्या.

"अश्विनी, हे निदान नाही हं, नुसती चाळणी आहे," ताई मला बजावायच्या. "पण चाळणीत कुणी अडकलं तर मला कळायला हवं. ज्यांना बोलायचंय त्या नंबर देतील. लाल शेरा आला आणि नंबर दिलेला असला, तर मी त्याच दिवशी फोन करणार."

म्हणून मी अशी सोय केली होती की रोज सकाळी लाल शेऱ्याच्या नोंदी आपोआप ताईंच्या मेलवर जातील.

पान तयार झालं आणि पहिला बकरा कोण? आण्णा! म्हटलं, बायकांची प्रश्नावली असली म्हणून काय झालं, बटणं तर दाबून बघा. ते चष्मा लावून बसले, एकेक वाक्य मोठ्यानं वाचत, इमानदारीत उत्तरं दिली. आणि शेरा आला... लालभडक. 'आपल्याला आधाराची गरज आहे.'

"आरं तिच्या!" आण्णा उसळले. "मला? सियाचीनला जाऊन आलोय मी! सूनबाई, तुझ्या मशीनचं डोकं ठिकानावर न्हाई, माझं हाय."

आण्णांचं खरं होतं. चूक माझी होती. 'मला गाढ झोप लागते', 'जेवण गोड लागतं', 'लोकांत मिसळावंसं वाटतं' अशी जी चांगली वाक्यं असतात त्यांचे गुण उलटे धरायचे असतात. तिथे 'रोज' म्हणजे शून्य. मी सगळीकडे एकच हिशोब लावला होता. त्यामुळे जो माणूस मस्त घोरतो, दोन भाकऱ्या जास्त खातो आणि पारावर गप्पा हाणतो, तो माझ्या स्क्रिप्टच्या मते सगळ्यात दुःखी. आण्णांनी ही गोष्ट पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

मी चूक सुधारली, आणि ती नीट सुधारली का हे बघायला दुपारी टेस्टिंगला बसले.

आता इथे माझी एक सवय सांगायला हवी. बाकीचे लोक टेस्ट करताना नावाच्या जागी 'abc' नाहीतर 'टेस्ट टेस्ट' असं खरडतात. मला ते जमत नाही. मी माणूस तयार करते. नाव, वय, गाव, सगळं खरं वाटेल असं. कारण खरी माणसं जशी भरतात तसं भरलं तरच खऱ्या चुका सापडतात. नवरा चिडवतो, की हिला लेखिका व्हायचं होतं, पोटासाठी वेबसाइट करते.

त्या दुपारी मी एक बाई तयार केली. मला मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का बघायचं होतं, म्हणून 'व्वा' असलेलं नाव शोधलं. नीलव्वा. सीमेकडचं, कानडी वळणाचं नाव. हे मी कुठे ऐकलं, कुणाचं ऐकलं, मला आजही सांगता येत नाही. सातारच्या माझ्या अख्ख्या आयुष्यात मला नीलव्वा भेटलेली नाही. वय एकतीस. गाव विटा. विट्याला मी तेव्हा एकदाही गेले नव्हते, पण दोन अक्षरांचं गाव टाइप करायला सोपं. फोन नंबर टाकणं भाग होतं, कारण नंबर दिला आणि त्यात दहा आकडे नसतील तर पान पुढे सरकत नाही ना, तेही बघायचं होतं. डोळे पंख्याकडे, बोटं आकड्यांवर. दहा वेळा टकटक. झालं.

उत्तरं अर्थात सगळ्यात वाईट दिली. लाल यायला हवं होतं.

शेवटी एक मोकळा चौकोन होता, 'आणखी काही सांगायचं आहे का?' तिथे 'म्ह' बघायचा राहिला होता म्हणून मी लिहिलं, 'म्हशीचं रेडकू मोकळं सोडलंय.'

का? देवाशप्पथ माहीत नाही. आमच्याकडे म्हैस सोडा, मांजरसुद्धा नाही. 'म्ह' म्हटल्यावर म्हैस आठवली आणि पुढचं बोटांनी लिहिलं. शेरा लाल आला. मी खूश. तेवढ्यात खालून आण्णांनी चहासाठी आरोळी ठोकली, मी लॅपटॉप मिटला आणि ती नोंद पुसायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराचा सुमार. आण्णा वर येऊन बसले होते, पेन्शनच्या कसल्याशा साइटवर त्यांचा पासवर्ड चालत नव्हता. ताईंचा फोन आला.

"अश्विनी, ऐक." ताई कुजबुजत होत्या. एरवी ताई कुजबुजत नाहीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. "आजच्या यादीतल्या एका नोंदीचा नीट पत्ता मिळेल का? नुसतं विटा लिहिलंय. बाईनं फोन उचललाय, माझ्या दुसऱ्या हातात आहे, कॉलेजच्या मोबाईलवर. पण बोलतच नाहीये गं. नुसती रडतेय. मला लक्षण ठीक दिसत नाही."

"कुठली नोंद?"

"नीलव्वा."

मी हसले. खरंच, खो खो हसले. "अहो ताई, ती खोटी आहे! मी टाकलीय काल, टेस्टिंगला. पुसायची राहिली. रॉंग नंबर लागलाय तुम्हाला, ठेवा ठेवा."

ताई म्हणाल्या, "मी फोनवर 'नीलव्वा आहे का' म्हणून विचारलं. तेव्हापासून ती रडतेय."

आणि मला त्या दुसऱ्या फोनमधून, लांबून, एक आवाज ऐकू आला. घोगरा, रडून बसलेला.

"माजं नाव तुमाला कुनी सांगितलं?"

पंखा चालू होता, आण्णा शेजारी पुटपुटत पासवर्ड टाकत होते, सगळं जिथल्या तिथे होतं. मी एवढंच म्हणू शकले, "ताई... ती मी केलेली आहे. अशी कुणी बाई नाहीये."

"आहे," ताई म्हणाल्या. "आता तू गप्प बस जरा."

मंजूताई म्हणजे मंजूताई. त्यांना नंतर धक्का बसला तो बसला, पण त्या क्षणी त्यांनी प्रश्न बाजूला ठेवला. त्या बाईशी त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला तुकडे तुकडेच ऐकू येत होते. कुठे आहेस बाळा, एकटी आहेस का, बस बघू खाली, आधी बस. तुटक तुटक उत्तरं आली. विट्याच्या पलीकडे एका गावाची मळ्यातली वस्ती. सासू गावात गेलेली. आणि ही विहिरीच्या काठावर उभी होती.

म्हणजे कशासाठी, ते मला सांगायला लागलं नाही.

"अश्विनी," ताई परत माझ्याशी बोलल्या, "मी तुला त्या कॉलमध्ये घेते. विट्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, शाळेत शिक्षिका. तिला लगेच वस्तीवर पाठवते आणि मी पण निघते. तोवर तू हिच्याशी बोलायचं. काहीही बोल. फोन ठेवू देऊ नकोस."

"अहो मी काय बोलू? मला यातलं काय कळतं?"

"तू तिला बनवलंयस म्हणतेस ना? मग बोल."

आणि ताई गेल्याच. राहिलो आम्ही दोघी. मी, आणि मी काल दुपारी पंख्याकडे बघत टाइप केलेली बाई.

मी नाव सांगितलं, सातारा सांगितलं. जेवलात का विचारलं. मूर्खासारखं पाऊसपाण्याचं विचारलं. ती हुं-हुं करत होती. मग तीच म्हणाली, "मला वाटलं मालकांचा फोन हाय. म्हनून उचलला वं. न्हाईतर..."

तिचा नवरा गलाईवाला. सोनं-चांदी गाळायचं दुकान, लांब, पार बंगालच्या बाजूला. विट्याकडे घरटी एक माणूस असा परमुलखात असतो म्हणे. गावच्या यात्रेला सगळे गलाईवाले गाड्या करून आले, ढोल वाजले, हिचा नवरा आला नाही. त्यानं तिकडे दुसरं घर केलं होतं. पोर पण होतं. आणि हे घरात, भावकीत, गावात सगळ्यांना ठाऊक होतं, ही सोडून. यात्रेत एका जावेनं बोलता बोलता सांगितलं.

"सासूला इचारलं तर म्हनली, तुला पोर झालं न्हाई, मग त्येनं काय करावं?" ती सांगत होती. सांगताना रडत नव्हती, ते मला जास्त भयंकर वाटलं. "माजं कुनाचं काय अडत न्हाई बगा. म्हशीचं तेवडं व्हतं. तिचं रेडकू मोकळं सोडलंया मगाशी."

मी किंचाळले नाही एवढंच. तोंडावर हात दाबून धरला. ते वाक्य काल माझ्या स्क्रीनवर होतं. ते मी लिहिलं होतं!

"मोकळं का सोडलं?" मी कसंबसं विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"बांधून ठिवत्यात वं त्येला. न्हाईतर समदं दूध पिऊन टाकतंय. आता धार कोन काढनार हाय? पिऊ दे म्हनलं पोटभर."

मला रडू फुटलं. ती गप्प, मी रडतेय, असला उलटा प्रकार. आण्णांनी पासवर्ड सोडून माझ्याकडे पाहिलं. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण मला एकटीला ते ऐकवत नव्हतं.

"रेडकू केवडं हाय?" आण्णांनी विचारलं. मला नाही, तिला.

"म्हैना झाला न्हाई अजून."

"आगं ए पोरी!" आण्णा असे ओरडले की खालचा रस्ता दचकला असेल. "म्हैन्याचं रेडकू आन् मोकळं सोडलंस? सकाळधरनं दूध पितंय? हगवन लागंल त्येला, मरंल की ते! मुक्या जनावराचा जीव घेतीस व्हय? ऊठ! आदी बांद जा त्येला!"

मी आण्णांचा दंड धरून ओढतेय, गप्प बसा म्हणून खुणा करतेय... म्हटलं, संपलं सगळं, आता ही फोन आपटणार. विहिरीच्या काठावर उभ्या माणसाला असं ओरडतात का?

"व्हय वं," ती म्हणाली. आवाज एकदम वेगळा, घाबराघुबरा. "माज्या ध्यानातच न्हाई आलं. जाते, जाते."

आणि फोनमधून चालल्याचा आवाज आला. मग पळत गेल्याचा. मग गोठ्यातला, म्हशीचं रेकणं, "हट, हट, सोड आता," असं ती रेडकाला ओढतेय, रेडकू हटत नाहीये. आण्णा इकडून सूचना देताहेत, दावं आखूड बांध, तासभर तोंड लावू देऊ नको. ती "व्हय, व्हय" करतेय. माझ्या सासऱ्यांना मी एरवी दिवसातून दहा वेळा 'हळू बोला' म्हणते. त्या दिवसापासून म्हणणं बंद केलं.

थोड्या वेळानं स्कूटीचा आवाज आला, कुणीतरी बाईनं हाक मारली. ताईंची विद्यार्थिनी. आल्या आल्या तिनं काही न विचारता नीलव्वाला मिठी मारली, असं तिनं नंतर सांगितलं. मला फक्त रडण्याचा आवाज आला, दोघींचा. तिकडून फोन बंद झाला. आण्णा उठले, खालून पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कोन गं ती?"

मी लॅपटॉप वळवून कालची नोंद त्यांच्यापुढे धरली.

पुढचं ताईंनी सांभाळलं. भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला, जतकडे. म्हैस माहेरानंच दिलेली होती, ती पण रेडकासकट टेम्पोत चढवली. मिरजेला चांगल्या डॉक्टरांकडे उपचार चालू झाले. आता ती सांगलीत असते, मुलींच्या एका मेसमध्ये स्वयंपाकाला. तिच्या हातची ज्वारीची भाकरी मी खाल्लीय, पातळ पापुद्र्याची. मला तशी सात जन्मांत जमणार नाही.

हो, मी तिला भेटले. जायला फार घाबरत होते. ताईंच्या घरी पहिल्यांदा समोर बसलो तेव्हा मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. अशी साधी, सावळी, हनुवटीवर गोंदलेली बाई. मी टाइप केलं होतं त्यात गोंदण नव्हतं, असला काहीतरी वेडा विचार माझ्या मनात आला.

मी सगळं विचारलं तिला, पोलिसासारखं. प्रश्नावली भरली होती का? कसली प्रश्नावली? तिच्याकडे साधा बटणांचा फोन. कॉलेजची कुठली मुलगी तिच्या वस्तीवर कधी आलेली नाही. तो नंबर भावानं नुकताच घेऊन दिलेला, भाऊ आणि नवरा सोडून कुणाकडे नव्हता. वय? तिनं बोटांवर मोजलं. एकतीस.

"आणि रेडकू सोडायचं कधी ठरवलंत?" मी विचारलं.

"ठरिवलं कुठं? त्याच सकाळी मनात आलं नि सोडलं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आदल्या दिवशी तर मी यात्रेची भांडी घासत व्हते. तवा काय न्हवतंच मनात."

आदल्या दिवशी. म्हणजे मी ते लिहिलं तेव्हा तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

पण खरा घाव तर पुढेच बसला. ताई सहज म्हणाल्या, "नाव छान आहे हो तुमचं, नीलव्वा." तर ती म्हणाली, "ते आता न्हाई की माजं नाव."

लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि नीलव्वा संपली. कानडी नाव गावंढळ वाटतं म्हणे. आधार कार्डावर नवं नाव, रेशन कार्डावर नवं नाव, गावात नवंच नाव. भाऊ तिला अक्का म्हणतो. 'नीलव्वा' म्हणणारी एकटी तिची आई होती, ती वारली त्याला कित्येक वर्षं झाली.

"मी तिथं काठावर हुबी व्हते," ती म्हणाली, "आन् फोनमदनं कुनीतरी म्हनलं, नीलव्वा हाय का? मला वाटलं, आयच आली. मग कशी जानार पुढं?"

ताई उठून आत गेल्या. मी तिथेच बसून राहिले, तिनं माझा हात धरला होता. मग तिनं मला विचारलं, "ताई, तुमी मला कुठं बघितलं व्हतं?"

तिला सांगितलं, की कुठेच नाही. तिला ते पटलं नाही, तिला वाटतं मी सांगायचं टाळतेय. हे लिहायला तिची परवानगी घेतली तेव्हा म्हटलं, नाव बदलू का? तर म्हणाली, "आता परत बदलू नगा. हेच लिवा." म्हणून लिहिलंय. सासरचं नाव मात्र मी सांगणार नाही.

नवरा म्हणतो योगायोग. तो इंजिनिअर आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. नंबर तू कुठेतरी पाहिला असशील, नाव कुठल्यातरी एसटीत कानावर पडलं असेल, रेडकाचं आण्णा कधीतरी बोलले असतील. मीही एरवी अगदी हेच बोलले असते, त्याच्यापेक्षा जोरात. मी माझी स्क्रिप्ट ओळ न् ओळ तपासली. नोंदीची वेळ पाहिली, ती माझ्याच लॅपटॉपवरून, त्याच दुपारची. बेरीज करते ती, दुसरं काही करत नाही. त्या पन्नास-साठ ओळींत असं काहीही नाही ज्याला एका बाईच्या मेलेल्या आईनं ठेवलेलं नाव ठाऊक असेल. आण्णा म्हणतात, देवाच्या मनात होतं. ताई यावर बोलतच नाहीत, विषय काढला की चहा टाकायला उठतात.

मला स्पष्टीकरण नाही. नाहीच आहे. इथे कुणाला सुचलं तर जरूर सांगा, पण 'योगायोग' सोडून.

आणि हे मी आत्ता का लिहितेय, तेही सांगते. अलीकडे एकदा भाजी चिरता चिरता मला एक गोष्ट आठवली आणि मी सुरी हातात धरून तशीच बसून राहिले. त्या दुपारी मी एकटी नीलव्वाच केली नव्हती. टेस्टिंगला एक नोंद कधी पुरते? पाच-सहा बायका केल्या होत्या. प्रत्येकीला नाव, वय, गाव, दहा आकडे. त्यांतल्या दोघी तरी लाल होत्या, हे नक्की आठवतं. बघितल्या, ठीक आहे म्हटलं, आणि एकेक करून पुसून टाकल्या. नीलव्वा तेवढी चहाच्या हाकेनं राहिली. बाकीच्यांना ताईंचा फोन गेलाच नाही.

त्या पुसलेल्या नोंदी परत मिळतात का, म्हणून मी सगळं करून पाहिलं. सर्व्हरवाल्याच्या हातापाया पडले. काही उरलेलं नाही. नावं आठवायला बसते तर डोकं ठणकतं, एकही आठवत नाही. फक्त एकीच्या गावाच्या रकान्यात 'वाई' लिहिलं होतं, एवढं आठवतंय.

गेल्या रविवारी घरी काहीतरी कारण सांगून मी वाईला गेले. नदीच्या घाटावर बसले होते दुपारपर्यंत. बायका येत होत्या, जात होत्या, कुणी धुणं धूत होतं, कुणी देवळातून प्रसाद घेऊन पायरीवर टेकत होतं. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. एकदोघींनी विचारलंही, कुणाला शोधताय का?

काय नाव सांगणार होते मी त्यांना?